नांगर ओढणारं आणि शर्यत पळणारं: कॉव्हेंट्रीच्या एका इंजिनाची गोष्ट



उन्हाळा म्हणजे ट्रॅक्टरची इंजिनं उघडायचा काळ. नांगरट उरकत आलेली असते, आणि मृगाच्या आधी 'हाफ इंजिन काम' करून घ्यावं म्हणून मिस्त्रीच्या शेडसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या निमित्ताने आज एका जुन्या इंजिनाचा इतिहास लिहितोय. इंजिन इंग्लंडमधलं, कॉव्हेंट्री शहरातलं. चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, दिसायला साधं. पण १९५० च्या आसपास या एकाच घराण्याचं इंजिन शेतात नांगर ओढत होतं, घरच्या मोटारीत बसलं होतं आणि दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये तासाला २०० किलोमीटर पळत होतं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "ट्रायम्फच्या स्पोर्ट्स कारला ट्रॅक्टरचं इंजिन होतं." कुणी हे हिणवून म्हणतं, कुणी कौतुकाने. दोघांचंही अर्धंच खरं आहे. आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. हे इंजिन इतकी वर्षं टिकलं कशामुळे, आणि बिघडायचं तेव्हा कुठे बिघडायचं? त्याचं उत्तर आपल्या मिस्त्रीच्या शेडमध्ये आजही जसंच्या तसं लागू पडतं.

बिनकारखान्याचा माणूस आणि रिकामा कारखाना

हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. शेतात मन रमलं नाही म्हणून बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये लागला. १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बनवलेलं विमान त्याने उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण मानतात. पण आपण त्याला ओळखतो ते थ्री पॉइंट लिंकेजमुळे. आज ज्या तीन पिनांवर आपण नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र अडकवतो आणि हायड्रॉलिकच्या लिव्हरने उचलतो, ती पद्धत त्याची. नांगर मागे नुसता ओढायचा नाही, तर त्याचा ताण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दाब म्हणून वापरायचा, ही त्यातली खरी युक्ती. त्यामुळे सुमारे ११०० किलोचा हलका ट्रॅक्टर त्याच्यापेक्षा कितीतरी जड ट्रॅक्टरचं काम करू लागला.

१९३८ मध्ये त्याने अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागद नाही, सही नाही. त्यातून फोर्डचा ९एन ट्रॅक्टर निघाला. म्हातारे फोर्ड बाजूला झाले, नातू गादीवर आला, आणि तो करार मोडला. फर्ग्युसनने खटला भरला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि फोर्ड कंपनीने ९२.५ लाख डॉलर मोजले.

इकडे कॉव्हेंट्रीत स्टँडर्ड मोटर कंपनीकडे बॅनर लेनचा प्रचंड कारखाना होता. महायुद्धात तिथे विमानांची हर्क्युलिस इंजिनं बनली. युद्ध संपलं, कारखाना रिकामा पडला. स्टँडर्डचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांना काम हवं होतं, फर्ग्युसनला कारखाना हवा होता. १९४६ मध्ये बॅनर लेनमधून करड्या रंगाचा टीई-२० बाहेर पडायला लागला. १९५६ पर्यंत असे ५ लाख १७ हजारांहून जास्त ट्रॅक्टर तिथे बनले. इंग्लंडमध्ये लोक त्याला प्रेमाने 'लिटल ग्रे फर्गी' म्हणतात.

सुरुवातीच्या टीई-२० ला अमेरिकेहून आणलेलं कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन होतं, कारण स्टँडर्डचं स्वतःचं तयार नव्हतं. ते तयार झालं आणि त्याला दोन घरं मिळाली. एक ट्रॅक्टर, आणि दुसरं स्टँडर्ड व्हॅनगार्ड ही मोटार, जी १९४७ मध्ये जाहीर झाली. म्हणजे आधी ट्रॅक्टरचं इंजिन आणि मग ते गाडीत घुसवलं, असं झालं नाही. कंपनीने दोन्ही कामं डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवलं. युद्धानंतर पैसा कमी, पोलाद मोजून मिळायचं, आणि निर्यात करणाऱ्याला ते आधी मिळायचं. दोन वेगळी इंजिनं पाडण्याची चैन कुणाला परवडणार होती?

स्ट्रोक एकच, बोर चार

आता या इंजिनाचं मापपुस्तक उघडू. चारही रूपांत स्ट्रोक एकच, ९२ मिलिमीटर. बदलत गेला तो फक्त बोर.

ट्रॅक्टरचं पहिलं स्टँडर्ड इंजिन, बोर ८० मिमी, १८५० सीसी.
व्हॅनगार्ड मोटार आणि पुढे ट्रॅक्टरही, बोर ८५ मिमी, २०८८ सीसी.
ट्रायम्फ टीआर-२ स्पोर्ट्स कार, बोर ८३ मिमी, १९९१ सीसी.
पुढची टीआर-४, बोर ८६ मिमी, २१३८ सीसी.

हिशेब कुणीही करून पाहावा. बोरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार सिलिंडर. उत्तर बरोबर येतं.

स्पोर्ट्स कारचा बोर व्हॅनगार्डपेक्षा कमी का केला? कारण शर्यतीत २००० सीसीच्या आतला गट असतो. २०८८ सीसीची गाडी वरच्या गटात गेली असती आणि मोठ्या गाड्यांशी भिडली असती. ८३ चा बोर घेतला की १९९१ सीसी, म्हणजे गटाच्या अगदी काठावर.

आता ताकद. ट्रॅक्टरमध्ये हे इंजिन साधारण २००० आरपीएमला २५ एचपीच्या आसपास द्यायचं. व्हॅनगार्डमध्ये ४२०० आरपीएमला ६८ एचपी. टीआर-२ मध्ये ४८०० आरपीएमला ९० एचपी. त्याच घराण्याचा ब्लॉक, तोच स्ट्रोक, आणि ताकद साडेतीन पट.

ही किमया कशी झाली? ट्रॅक्टरच्या इंजिनात कॉम्प्रेशन सुमारे ६ ला १ होतं, टीआर-२ मध्ये ८.५ ला १. ट्रॅक्टरला खालून वर हवा ओढणारा झेनिथचा एकच कार्बोरेटर, टीआर-२ ला एसयू कंपनीचे दोन. कॅमशाफ्ट वेगळा, हेड वेगळं. ट्रॅक्टरला गव्हर्नर, गाडीला नाही. आणखी एक मोठा फरक आपल्या लगेच लक्षात येईल. फर्ग्युसनला चॅसी नाही. पुढचा एक्सल, इंजिन आणि मागचं गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्टने आवळलेलं, इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. म्हणून त्याचं ऑइल चेंबर जाड बिडाचं. गाडीला स्वतःची चॅसी होती, इंजिन त्यात नुसतं बसवलेलं, म्हणून तिथे पत्र्याचं चेंबर चाललं.

म्हणजे 'ट्रॅक्टरचं इंजिन स्पोर्ट्स कारला' हे म्हणणं दोन भावांना एकच माणूस समजण्यासारखं आहे. रक्त एक, पण जगणं निराळं.

वेट लायनर: या इंजिनाचं मर्म

बोर इतक्या सहज बदलता आला तो लायनरमुळे. या इंजिनात सिलिंडर हा ब्लॉकमध्ये कोरलेला नाही. ब्लॉक म्हणजे पोकळ खोकं, आणि त्यात चार सुटे लायनर वरून सोडलेले. लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, म्हणून त्याला वेट लायनर म्हणतात. ड्राय लायनरला पाणी लागत नाही, तो ब्लॉकच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो.

याचा फायदा शेतकऱ्याला आणि गाडीवाल्याला सारखाच होता. सिलिंडर झिजला की ब्लॉक लेथवर नेऊन बोर करायची गरज नाही. जुने लायनर काढा, नवे लायनर-पिस्टन-रिंगांचा संच टाका, झालं. मोठ्या शहरापासून लांब, साध्या शेडमध्ये, बऱ्याचदा इंजिन ट्रॅक्टरवरून न उतरवता हे काम करता यायचं. ज्या काळात हे ट्रॅक्टर समुद्रापार देशोदेशी जात होते, त्या काळात ही सोय म्हणजे निम्मी विश्वासार्हता होती. इंजिन बिघडत नाही असं कुठेच नसतं. बिघडल्यावर जिथल्या तिथे, तिथल्याच माणसाला दुरुस्त करता येतं का, हा खरा प्रश्न.

पण वेट लायनरला एक पथ्य आहे, आणि ते पाळलं नाही तर हीच सोय घात करते.

लायनरच्या खालच्या काठाला पाणी आणि ऑइल यांच्यामध्ये एकच बारीक पॅकिंग असतं. या इंजिनात दोन लायनरांना मिळून एक, असे एकूण दोन पॅकिंग. आकार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, म्हणून तिकडे त्याचं नावच 'फिगर ऑफ एट'. वरच्या बाजूला लायनरचा काठ ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर राहिला पाहिजे. किती? ३ ते ५ थाऊ, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. कागदाच्या जाडीएवढं. एवढा काठ वर असला की हेड आवळल्यावर हेड गॅस्केट त्यावर घट्ट दाबलं जातं आणि लायनर खालच्या पॅकिंगवर नीट बसतो. एकाच आवळणीत वरची आणि खालची अशी दोन्ही सीलं होतात.

काठ कमी राहिला तर? वरून गॅस पाण्यात घुसतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं. खालून पाणी चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ होतं. दुधाळ ऑइलवर इंजिन चालवलं की बेअरिंग गेलं म्हणून समजा. एक लायनर वर आणि शेजारचा खाली असं झालं तरी तीच गत, कारण गॅस्केट दोन्हींवर सारखं दाबलं जात नाही.

या इंजिनाच्या जुन्या मिस्त्रींचा आणखी एक नियम होता. हेड काढलं की लायनर वरून दाबून धरायचे. हेडच्या स्टडवर पाइपचे तुकडे आणि मोठे वॉशर लावून नट आवळायचे, मगच क्रँक फिरवायचा. तसं न करता क्रँक फिरवला की वर येणारा पिस्टन लायनरलाही बोटभर उचलतो, खालच्या पॅकिंगची बैठक मोडते, आणि नुसत्या व्हॉल्व्ह ग्राइंडिंगच्या कामाला आलेलं इंजिन पाणी सोडायला लागतं. मग मिस्त्री म्हणतो पॅकिंग खराब होतं, मालक म्हणतो मिस्त्री खराब होता.

शर्यतीचं रान

आता या इंजिनाचा दुसरा संसार पाहू.

स्टँडर्डने १९४४ मध्ये ट्रायम्फ ही डबघाईला आलेली कंपनी विकत घेतली होती. १९५० मध्ये मॉर्गन या छोट्या स्पोर्ट्स कार कंपनीने आपल्या प्लस फोर गाडीत व्हॅनगार्डचं इंजिन बसवलं. ब्लॅक यांना मॉर्गनच विकत घ्यायची होती, मॉर्गन कुटुंबाने नकार दिला. मग ब्लॅक म्हणाले, आपणच करू. १९५२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी नमुन्याची गाडी मांडली. शर्यतीच्या गाड्या तपासण्याचा अनुभव असलेल्या केन रिचर्डसन यांना ती चालवायला दिली. त्यांनी गाडीचे वाभाडे काढले. ब्लॅक यांनी राग न धरता त्यांनाच ती सुधारायच्या कामाला लावलं. चॅसी नवी झाली, इंजिन सुधारलं, आणि १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हात टीआर-२ लोकांसमोर आली.

त्याच वर्षी मे महिन्यात बेल्जियममधल्या याबेक गावाजवळच्या सरळ महामार्गावर रिचर्डसन यांनी टीआर-२ ताशी १२४ मैलांच्या वर पळवली, म्हणजे २०० किलोमीटर. वारा कमी लागावा म्हणून समोरची मोठी काच काढली होती, खालून पत्रा लावला होता. तरी इंजिन त्याच घराण्याचं, चार सिलिंडर, पुशरॉडचं. १९५४ मध्ये ब्रिटनची आरएसी रॅली टीआर-२ ने जिंकली. १९५५ च्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत कंपनीने तीन टीआर-२ उतरवल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या. पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही नव्हत्या, पण रात्रंदिवस पळून एकही मोडून पडली नाही. १९६२ मध्ये याच घराण्याचं इंजिन घेऊन मॉर्गन प्लस फोरने ल मांमध्ये आपला गट जिंकला.

आणि ट्रॅक्टरची शर्यत? एडमंड हिलरी यांनी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा स्कॉट बेस सोडला आणि १९५८ च्या ४ जानेवारीला तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. चाकांवर रबरी पट्टे चढवलेले, केबिन म्हणजे ताडपत्रीचा आडोसा. जमिनीवरून यंत्राने दक्षिण ध्रुव गाठण्याची ती पहिलीच वेळ. जवळपास ३००० मीटर उंचीचं बर्फाचं पठार, हवा विरळ, आणि खाली हेच पेट्रोल इंजिन गुरगुरत होतं.

आपल्याकडेही या घराण्याची पावलं आहेत. स्टँडर्ड व्हॅनगार्ड १९५० च्या दशकात मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात जोडली जायची. टॅफे कंपनी १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने मद्रासलाच उभी राहिली. टॅफेच्या १०३५ ची वंशावळ मॅसी फर्ग्युसन ३५ पर्यंत जाते, आणि ३५ हा टीई-२० नंतरचा फर्ग्युसनचा ट्रॅक्टर. इंजिन पुढे बदललं, पर्किन्सचं तीन सिलिंडर डिझेल आलं. पण मागचे तीन पॉइंट तेच राहिले.

कुठे दुखायचं

विश्वासू इंजिन म्हणजे दोष नसलेलं इंजिन नव्हे. या इंजिनाची दुखणी ठरलेली होती.

पहिलं, क्रँक. चार सिलिंडरच्या क्रँकला मेन बेअरिंग फक्त तीन. ट्रॅक्टरमध्ये याचा काहीच त्रास नाही. का, ते आकड्यांत बघा. ९२ मिमी स्ट्रोकवर २००० आरपीएमला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला ६ मीटरच्या आसपास येते. ४८०० आरपीएमला ती १४.७ मीटर होते. गती २.४ पट, पण पिस्टनच्या ये-जा करण्याने क्रँकवर येणारा ताण गतीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास पावणेसहा पट. म्हणून शर्यतीत ताणून पळवलेल्या गाड्यांत क्रँकला थकवा यायचा, आणि ट्रॅक्टरमध्ये तोच जातीचा क्रँक दशकानुदशकं चालायचा. आपल्यातही कुणी गव्हर्नरचं सील तोडून रेस वाढवून घेतं. रोटाव्हेटर जरा जोरात फिरतो, खरं आहे. बिल कुठे फाटतं ते या हिशेबात दिसतं.

दुसरं, मागचं ऑइल सील. स्पोर्ट्स कारच्या या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतं. क्रँकवरच आटे पाडलेले, ते फिरताना ऑइल आत ढकलायचे, आणि बाहेरून ॲल्युमिनिअमच्या दोन अर्ध्या पाट्या. इंजिन बंद असताना थोडं ऑइल ठिबकायचंच. त्या पाट्या बसवताना खास गोल मापाचा दांडा घालून मध्य साधावा लागायचा. अंदाजाने बसवल्या की ठिबकण्याची धार व्हायची.

तिसरं, धूळ. टीई-२० ला ऑइल बाथ एअर क्लीनर होता, आपल्या जुन्या ट्रॅक्टरांना असायचा तसाच. शेतातली धूळ तेलात बसायची. स्पोर्ट्स कारच्या कार्बोरेटरांवर लहानशा चकत्यांचे फिल्टर. डांबरी रस्त्यावर ते पुरायचे, धुळीत पुरले नसते. म्हणजे कमी ताकदीचा ट्रॅक्टर श्वास घेण्याच्या बाबतीत मात्र गाडीपेक्षा जास्त जपलेला होता.

चौथं, रॉकेल. पेट्रोल महाग म्हणून ब्रिटनमध्ये ट्रॅक्टरसाठी रॉकेलच्या जातीचं स्वस्त इंधन मिळायचं. त्यावर चालणाऱ्या टीई-२० मध्ये कॉम्प्रेशन आणखी कमी ठेवलेलं. आपल्याकडच्या पेट्रोल-रॉकेल पंपांसारखंच, पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायचं. घाईत थंड इंजिनवरच रॉकेल सोडलं तर न जळलेलं इंधन रिंगांजवळून खाली उतरायचं आणि ऑइल पातळ करायचं. तिथे ऑइल लवकर बदलणं हाच इलाज होता.

पाचवं आणि सगळ्यांत मोठं, पाणी. वेट लायनरला पाणी थेट लागतं. त्यामुळे पाण्यातला क्षार, गंज आणि गाळ लायनरच्या बुडाशी, पॅकिंगच्या बैठकीवर साचतो. ड्रिपच्या लॅटरलमध्ये ड्रिपरच्या तोंडाशी जसा पांढरा थर धरतो, अगदी तसंच. वर्षानुवर्षं साधं पाणी टाकलेली इंजिनं उघडली की ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरपाशी, चिखलाची ढेप निघते. तिथे पाणी फिरतच नसतं, म्हणून तो सिलिंडर जास्त तापतो. मालक मात्र रेडिएटर बदलत बसतो.

आपल्या शेडसाठी यातून काय घ्यायचं

आपल्या ट्रॅक्टरांत काहींना वेट लायनर आहेत, काहींना ड्राय. आपला कोणता आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघा, मिस्त्रीला विचारा. वेट असेल तर पुढच्या गोष्टी काम चालू असताना शेडमध्ये उभं राहून करून घ्या.

लायनर काढल्यावर ब्लॉकमधली बैठक घासून, धुऊन पूर्ण स्वच्छ झाली पाहिजे. जुन्या थरावर नवं पॅकिंग बसवलं की लायनर वाकडा बसतो. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच संध्याकाळच्या घाईत सुटते.

लायनर बसल्यावर, हेड ठेवण्याआधी, काठाची उंची मोजायला सांगा. सरळ पट्टी आणि फिलर गेज एवढंच लागतं, नाहीतर डायल गेज. प्रत्येक लायनरची, चार बाजूंनी. वर दिलेलं ३ ते ५ थाऊ हे कॉव्हेंट्रीच्या इंजिनाचं माप आहे, आपल्या ट्रॅक्टरला ते लावू नका. प्रत्येक इंजिनाचं माप त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी हेड गॅस्केट गेलं तर दोष कुठे शोधायचा हे त्या वहीवरून कळेल.

हेड निघालेलं असताना लायनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू देऊ नका. हेड आवळायचं ते टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. पाना आणि दंडाच्या ताकदीवर नाही.

आणि पाणी. क्षार जास्त असलेलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. ज्या पाण्याचा ईसी बघून आपण डाळिंबाला, द्राक्षाला देताना दहादा विचार करतो, तेच पाणी हजारो रुपयांच्या लायनरभोवती डोळे झाकून ओततो. कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला. ते फक्त थंडीत गोठू नये म्हणून नसतं, त्यात गंज रोखणारं रसायन असतं. कूलंट मिळेपर्यंत वेळ मारून न्यायची तर निदान क्षार नसलेलं पाणी घाला आणि नंतर ते काढून टाका.

रोज सकाळी डिपस्टिक काढताना ऑइलची फक्त पातळी बघू नका, रंगही बघा. दुधाळ दिसलं किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ट्रॅक्टर तिथेच उभा करा. त्या दिवशीची पेरणी थांबली तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. क्रँक गेला तर सगळा हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढावा लागतो.

टीआर मालिकेतलं हे चार सिलिंडर इंजिन १९६७ मध्ये थांबलं, पुढच्या गाडीला सहा सिलिंडरचं आलं. बॅनर लेनचा कारखाना एकविसावं शतक उजाडेपर्यंत ट्रॅक्टर बनवत राहिला. पण करडे फर्ग्युसन आणि त्या स्पोर्ट्स कार आजही चालू आहेत, आणि त्यांचे लायनर-पिस्टनचे संच आजही नवे बनतात. तिथले लोक अजूनही हेड उघडल्यावर आधी लायनरचा काठ मोजतात.

तुमच्या शिवारात एखादा जुना करडा फर्ग्युसन किंवा पहिल्या पिढीतला मॅसी अजून चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा. इंजिन किती वेळा उघडलं, लायनर कधी बदलले, आणि पाणी कुठलं वापरता, एवढं नक्की लिहा. पुढच्या नोंदीत ऑइल बाथ आणि ड्राय एअर क्लीनर यांची काळजी कशी घ्यायची ते बघू.